‘जादा पैसे आले, परत करा’ : ऑनलाइन विक्रीतील फसवणूक कशी ओळखायची?

करवीर तालुक्यातील उचगाव कोल्हापूर शहर आणि गांधीनगरची बाजारपेठ यांच्या मधोमध आहे. आपल्या वस्तीतील माणसे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जातात, गांधीनगरच्या दुकानांत काम करतात, मुले कोल्हापुरात शिकतात. घरातली जुनी दुचाकी, फ्रीज, शिलाई मशीन, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा संच विकायचा झाला की आता मोबाईलवर फोटो टाकला जातो. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, व्हॉट्सॲपचे गट हाच जुन्या वस्तूंचा बाजार झाला आहे. या बाजारात गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही आणि त्याचाच फायदा घेऊन विकणाऱ्याला लुटले जाते.

खरेदी करताना फसवणूक होते हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण वस्तू आपली, पैसे दुसऱ्याने द्यायचे, मग विकणारा कसा फसेल, असे वाटते. म्हणून विकणारा बेसावध असतो. हा लेख आम्ही आपल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहीत आहोत. तो स्वतः वाचावा आणि घरातील मोठ्यांना, बचत गटातील महिलांना समजावून सांगावा.

हा प्रकार घडतो कसा

समजा, उचगावातील एका तरुणाने अभ्यासाचे टेबल आणि खुर्ची दीड हजार रुपयांना विकायला काढली. फोटो टाकून अर्धा तासही झाला नाही, तोच फोन येतो. गिऱ्हाईक हिंदीत बोलते, घासाघीस करत नाही. “वस्तू पसंत आहे, पैसे आत्ता पाठवतो, टेम्पो संध्याकाळी येईल,” असे म्हणते. लगेच मोबाईलवर संदेश येतो, ‘तुमच्या खात्यात १५,००० रुपये जमा.’ पाठोपाठ पुन्हा फोन, “भाई, एक शून्य जादा पडले. माझी आई दवाखान्यात आहे, तेच पैसे होते. दीड हजार ठेवा आणि साडेतेरा हजार लगेच परत पाठवा.”

खात्यात १४,२०० रुपये आहेत, बहिणीच्या फीसाठी साठवलेले. पोरगा सरळ आहे. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहिले तर पाप लागेल, असे घरात शिकवलेले. तो १३,५०० रुपये पाठवतो. मग शिल्लक पाहतो तर खात्यात ७०० रुपये. पंधरा हजार कधी आलेच नव्हते. तो ‘जमा’ झाल्याचा संदेश बँकेचा नव्हता, त्याच माणसाने स्वतः टाईप करून पाठवलेला होता. टेबल घरातच राहिले, फी मात्र गेली.

यात त्या मुलाला लोभ झाला नव्हता. जादा पैसे ठेवून घ्यावेत असे त्याच्या मनात आले असते, तर तो फसलाच नसता. आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील सांगते, जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. ठग नेमका याच शीलावर डाव टाकतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे : परत करणे हे शील आहे, पण परत करण्याआधी पैसे खरोखर आलेत का हे तपासणे हाही त्याच शीलाचा भाग आहे. जे आलेच नाही, ते परत करता येत नाही.

या फसवणुकीची रूपे

एकच युक्ती वेगवेगळ्या कपड्यांत येते. ती ओळखता यावीत म्हणून मुख्य रूपे खाली देत आहोत.

१. खोटा एसएमएस. वर सांगितलेला प्रकार. बँकेचा खरा संदेश दहा अंकी मोबाईल नंबरवरून येत नाही, बँकेच्या नावाची अक्षरे असलेल्या शीर्षकावरून येतो. २०२५ पासून अशा शीर्षकाच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे एक अक्षरही असते : व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, जाहिरातीसाठी पी आणि सरकारी संदेशासाठी जी. मात्र शीर्षक बरोबर दिसले म्हणून पैसे आलेच असे धरू नका. पुरावा एकच, खात्यातील शिल्लक.

२. खोटा स्क्रीनशॉट. ‘पेमेंट यशस्वी’ असे हिरवे चित्र व्हॉट्सॲपवर येते. असे चित्र बनवणे दोन मिनिटांचे काम आहे. हुबेहूब फोनपे किंवा गुगल पेसारखी दिसणारी बनावट ॲपही असतात. त्यात समोरचा माणूस तुमच्यासमोर उभा राहून पैसे ‘पाठवून’ दाखवतो, आणि येत काहीच नाही. समोरच्याच्या पडद्यावर काय दिसते याला अर्थ नाही, आपल्या खात्यात काय दिसते ते पाहावे.

३. क्यूआर कोड. “हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” हे शंभर टक्के खोटे असते. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या राजकीय घरातील तरुणीने जुना सोफा ओएलएक्सवर विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने आधी छोटी रक्कम पाठवून विश्वास मिळवला, मग क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करताच २०,००० रुपये गेले. ‘चुकीचा कोड गेला, हा दुसरा घ्या,’ म्हटल्यावर आणखी १४,००० गेले. शिक्षण आणि ओळखीपाळखी असलेल्या घरातही हे घडते. त्यामुळे फसलेल्या माणसाला अडाणी म्हणून हिणवणे आपण थांबवले पाहिजे.

४. वाहतुकीचे पैसे. “मी बाहेरगावी आहे. वस्तूचे आणि टेम्पोचे मिळून पैसे तुम्हालाच पाठवतो. टेम्पोवाल्याचे तेवढे तुम्ही त्याच्या नंबरवर टाका.” तो टेम्पोवाला म्हणजे ठगाचाच साथीदार. ही जादा पैशांचीच फसवणूक आहे, फक्त परतफेडीचा पत्ता बदललेला असतो.

५. चेक. मोठी रक्कम असली, म्हणजे दुचाकी, यंत्र किंवा भांडवली सामान असले, तर गिऱ्हाईक किमतीपेक्षा जादा रकमेचा चेक बँकेत भरून पावतीचा फोटो पाठवते आणि वरचे पैसे परत मागते. चेक भरणे वेगळे आणि चेक वटणे वेगळे. अमेरिकेत ही फसवणूक मुख्यतः चेकवरच चालत आली. तिथे चेक पूर्ण वटण्याआधीच बँक खातेदाराला रक्कम वापरू देते. पुढे चेक खोटा निघाला की ती रक्कम खातेदाराकडून वसूल होते, तोवर ‘जादा’ पैसे परत गेलेले असतात. चेक वटला असे आपल्या बँकेच्या शाखेने सांगेपर्यंत वस्तूही द्यायची नाही आणि पैसाही परत करायचा नाही.

६. खरे पण चोरीचे पैसे. हा प्रकार सर्वांत घातक. यात पैसे खरोखर येतात. पण ते दुसऱ्या कुणाला फसवून काढलेले असतात. तुम्ही ‘जादा’ रक्कम ठगाने सांगितलेल्या तिसऱ्याच खात्यात टाकता. नंतर मूळ माणूस तक्रार करतो, पोलीस पैशांचा माग काढतात आणि तुमचे खाते गोठवले जाते. तुम्ही फसलेले असूनही चोरीचा पैसा पुढे पाठवणारे ठरता.

वर्दीचा फोटो आणि ‘जय भीम’चा डीपी

ठग अनेकदा लष्कराचा किंवा केंद्रीय सुरक्षा दलाचा जवान असल्याचे सांगतो. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीनचे कार्ड पाठवतो. “ड्युटीवर आहे, येऊ शकत नाही, लष्कराची पैसे पाठवायची पद्धत वेगळी असते,” असे सांगतो. आपल्या समाजात सैनिकाला मोठा मान आहे. १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली, तेव्हापासून कित्येक घरांच्या भिंतीवर वर्दीतील आजोबांचा फोटो आहे. त्या आदरापोटी आपण प्रश्न विचारत नाही. लक्षात ठेवा, जुने कपाट घेण्यासाठी लष्कराची कोणतीही वेगळी पेमेंट पद्धत नसते. खरा जवान तुमच्या तपासणीवर रागावणार नाही.

हीच गोष्ट निळ्या झेंड्याची आणि ‘जय भीम’ची. डीपीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, बोलताना ‘जय भीम दादा’ म्हटले, म्हणून माणूस आपला ठरत नाही. डीपी कोणीही लावू शकतो. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आपल्याला माहीत आहे. परंपरा आहे म्हणून, सांगणारा थोर दिसतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. विहारात आपण हे धम्माबद्दल सांगतो. मोबाईलवरच्या व्यवहारालाही ते तितकेच लागू आहे.

धोक्याच्या खुणा

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी थांबावे. दोन दिसल्या तर व्यवहार सोडून द्यावा.

- वस्तू न पाहता, भाव न करता लगेच पैसे देण्याची तयारी.
- ठरलेल्या किमतीपेक्षा जादा रक्कम, आणि ती ‘चुकून’ आल्याचा दावा.
- घाई. आजार, अपघात, ड्युटी, गाडी सुटणे अशी कारणे. ‘आत्ताच्या आत्ता’ हा शब्द पुन्हा पुन्हा.
- फोन चालू ठेवायचा आग्रह. तुम्ही शिल्लक पाहू नये, घरातल्यांना विचारू नये म्हणून बोलण्यात गुंतवून ठेवणे.
- पैसे एका नावाने आलेले, परत दुसऱ्या नंबरवर किंवा दुसऱ्या नावाच्या खात्यावर मागणे.
- क्यूआर कोड, लिंक किंवा एखादी फाईल पाठवून ती उघडायला सांगणे.
- एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे ॲप घ्यायला सांगणे. असे ॲप घेतले की तुमचा पडदा त्याला दिसतो.
- तपासतो म्हटले की चिडणे, पोलिसांची धमकी देणे किंवा रडणे.

पैसे घेण्याची सुरक्षित रीत

पहिला नियम पाठ असू द्या : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी आणि स्वतःची शिल्लक पाहण्यासाठी लागतो. समोरच्याच्या सांगण्यावरून पिन टाकण्याची वेळ आली, तर पैसे तुमच्याकडून जाणार आहेत हे नक्की समजा.

दुसरे, पूर्वी कोणीही अनोळखी व्यक्ती यूपीआयवरून ‘पैशांची मागणी’ पाठवू शकत असे आणि लोक ती पैसे येत आहेत असे समजून मान्य करत. फसवणूक वाढल्याने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय बंद केली. दुकाने आणि कंपन्यांच्या मागण्या मात्र अजून येऊ शकतात. त्यामुळे जुने कपाट घेणारा माणूस ‘रिक्वेस्ट मान्य करा’ म्हणत असेल, तर तो गिऱ्हाईक नाही.

तिसरे, पैसे आल्याचे सांगितले की आधी फोन ठेवा. मग स्वतः आपले बँकेचे ॲप उघडून शिल्लक आणि शेवटचे व्यवहार पाहा. संदेशातील लिंकवरून ॲप उघडू नका. साधा फोन असेल तर बँकेच्या पासबुकावर दिलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्या किंवा शाखेत जा. आकडा दिसत नसेल तर पैसे आलेले नाहीत. ‘सर्व्हर डाऊन आहे, रात्री दिसतील’ असे उत्तर आले तर ‘मग रात्रीच बोलू’ म्हणावे.

चौथे, वस्तू देणे आणि पैसे घेणे समोरासमोर, दिवसाउजेडी, गजबजलेल्या ठिकाणी करावे. बरोबर एक माणूस न्यावा. मुली आणि महिलांनी अनोळखी गिऱ्हाइकाला घरचा पत्ता आधी देऊ नये. छोट्या रकमेला रोख पैसे हा आजही चांगला मार्ग आहे.

खरेच जादा पैसे आले तर

कधी कधी माणसाकडून खरोखर चूक होते. तेव्हा पैसे गिळणे हे शीलात बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही. पण परत करण्याचीही रीत आहे.

शिल्लक तपासून रक्कम आली असल्याची खात्री करा. ती खर्च करू नका. पाठवणाऱ्याला सांगा, “तुम्ही तुमच्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा, मीही माझ्या बँकेला कळवतो. बँकेमार्फत पैसे परत येतील.” मग आपल्या शाखेला लेखी कळवा, त्यात व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहा, आणि पोच घ्या. ज्याची खरोखर चूक झाली असेल, तो हे मान्य करतो. ठगाला मात्र बँक मध्ये नको असते. तो लगेच आवाज चढवतो किंवा फोन बंद करतो. त्यावरूनच तो ओळखू येतो. कोणत्याही परिस्थितीत तिसऱ्याच्या खात्यावर पैसे टाकू नका.

फसवणूक झालीच तर

पहिला तास सर्वांत मोलाचा. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून काढून घेतो. त्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम वाटेत अडवता येते.

१. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि ठगाचा नंबर जवळ ठेवा. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

२. बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवा. तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी दिल्याने झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे असते. कळवल्यानंतर पुढे जे जाईल, त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ नोंदलेली असणे महत्त्वाचे.

३. संभाषण, नंबर, स्क्रीनशॉट, खोटे संदेश काही पुसू नका. रागाच्या भरात चॅट उडवले की पुरावा जातो.

४. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात किंवा कोल्हापूरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागू होते. ‘ही आमची हद्द नाही’ या कारणाने गुन्हा नोंदवणे नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते. दाद लागली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

५. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पैसे गेले नाहीत, पण ठगाचा फोन किंवा संदेश आला, तर तो नंबर संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवावा. २०२४ पासून ही सोय सुरू आहे.

आणखी एक सावधगिरी. पैसे गेल्यावर ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ असे सांगणारे फोन येतात. ही दुसरी फसवणूक असते. सरकारी तक्रारीला फी नसते.

तरुणांना एक कळकळीची विनंती

ठगाला पैसे उतरवून घ्यायला कुणाचे तरी बँक खाते लागते. ‘फक्त खाते आणि सिमकार्ड वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो’ असे सांगून बेरोजगार मुलांना गाठले जाते. त्या खात्यात येणारा पैसा कुणाच्या तरी घरातील फीचा, औषधाचा, पेन्शनचा असतो. पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते त्या खातेदाराच्या दारात. सरकारी नोकरीसाठी वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या मुलाच्या नावावर गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीत त्याचे काय होईल, याचा विचार करा. सम्यक आजीविकेत खाते भाड्याने देणे बसत नाही.

विहारातून सुरुवात करूया

फसलेला माणूस गप्प बसतो. “शिकलेला असून फसला” हे ऐकावे लागेल म्हणून तो घरातही सांगत नाही, आणि तो पहिला तास निघून जातो. ही लाज ठगाच्या उपयोगी पडते. ती मोडणे कार्यकर्त्यांच्या हातात आहे.

रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. एकाने गिऱ्हाईक व्हावे, एकाने विकणारा. खोटा संदेश दाखवावा, घाई करावी, आणि आजी-आजोबांनी, मावश्यांनी ‘थांबा, खाते बघते’ असे म्हणण्याचा सराव करावा. विहाराच्या फलकावर १९३० हा आकडा मोठा लिहावा. प्रत्येक वस्तीत दोन तरुणांची नावे ठरवावीत, ज्यांना रात्री-अपरात्री फोन करून ‘असा संदेश आलाय, काय करू?’ असे विचारता येईल आणि जे विचारणाऱ्याला हसणार नाहीत.

आपल्या माणसांचा प्रामाणिकपणा कमी करायचा नाही. दुसऱ्याचा पैसा परत करणारी घरे आपला अभिमान आहेत. फक्त परत करण्याआधी फोन ठेवायचा, खाते उघडायचे आणि आकडा डोळ्यांनी पाहायचा, एवढी सवय लावायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!